माझा परवाना आणि दोन गाड्या लाकूड

माझा वैमानिकाचा परवाना कोणत्या तारखेला हातात पडणार यावर आमच्या गावाने पैज लावली आहे, हे मला कळलं तेव्हा मी लेम्पीच्या उपाहारगृहात तिसरा पॅनकेक खात होते. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. मे, जून, जुलै अशी तीन पानं शेजारी शेजारी टाचलेली, आणि चौकोनांत गावातल्यांची नावं.

"लेम्पी, हे बर्फाच्या पैजेचं कॅलेंडर ना? बर्फ जाऊन तर महिना झाला."

"गेलं ना. म्हणूनच तर," लेम्पी म्हणाली आणि माझ्या कपात नको असलेली कॉफी ओतून आत निघून गेली. कुणी काही लपवायला लागलं की कॅनडातल्या आमच्या टॅमरॅक लँडिंग गावात कॉफी फार मिळते.

बर्फाची पैज आमच्याकडे पिढ्यान् पिढ्यांची. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध एक रिकामं पिंप ठेवायचं. ते ज्या दिवशी बुडेल तो दिवस ज्याचा, त्याला दोन गाड्या भरून फोडलेलं, वाळलेलं बर्चचं लाकूड. सहा महिने चूल आणि सॉना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, पेटती ठेवणाऱ्या माणसाला दोन गाड्या लाकूड म्हणजे काय, हे मी सांगायला नको. पण यंदा एका वादळी दुपारी सगळं बर्फ एकदम फुटलं आणि पिंप वाहत जाऊन लव्हाळ्यात अडकलं. ते अजून तिथेच आहे. अर्धं वर, अर्धं खाली. बुडलं म्हणावं तर दिसतंय, तरंगतंय म्हणावं तर हलत नाही. गावात दोन तट पडले. लुथरन चर्चमध्ये काही लोक बाक बदलून बसायला लागले.

"आणि तेवढ्यात तू आलीस, मालदीवहून, अकरा वर्षांनी," लेम्पीने शेवटी कबूल केलं. "देवाने पाठवल्यासारखी. गाव फुटता फुटता वाचलं बघ."

गाव वाचल्याचा मला आनंदच झाला. पण मी कॅलेंडर नीट वाचलं, आणि पॅनकेक बाजूला सारला. गावाने पैज लावली याचं मला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते जूनचा पहिला पंधरवडा जवळजवळ कोरा होता, याचं. गर्दी सगळी जुलैत. पाद्रीबाबांनी तर खाली चौथं पान टाचून ऑगस्टातला रविवार धरला होता. पाण्यावर विमान उतरवण्यात जिचा हात धरणारा मालदीवच्या सातशे कोसांत कुणी नव्हता, त्या हिल्का रौतियोवर, म्हणजे माझ्यावर, गावाचा एवढा विश्वास.

दहा जूनच्या चौकोनात मात्र एक नाव होतं, थरथरत्या अक्षरात. आयली. माझी आत्या.

आता आत्याबद्दल सांगायलाच हवं, कारण हा सगळा खटाटोप तिच्यासाठी. आयली आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. गेले एकावन्न उन्हाळे ती उत्तरेकडच्या हॉक तळ्यावर, आपल्या एका खोलीच्या लाकडी घरात एकटी राहते. तिथे रस्ता जात नाही, पाऊलवाटही जात नाही. जातं ते फक्त माझ्या रेइनो काकांचं विमान, चाकांऐवजी दोन होड्या लावलेलं, पिवळं, म्हातारं, बीव्हर जातीचं. पण हिवाळ्यात काकांच्या हृदयाने दोन ठोके चुकवले आणि डॉक्टरांनी त्यांना जमिनीवर बसवलं. विमान आहे, वैमानिक नाही. आत्याचा मुलगा मार्ट्टी टोरांटोला असतो, एका काचेच्या इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर. तो फोनवर म्हणाला, "आई, युहान्नुसच्या आत विमान चालू झालं, तर तू खुशाल तळ्यावर जा. नाही झालं, तर मी वीस तारखेला गाडी घेऊन येतो आणि तू माझ्यासोबत चल. इथे म्हाताऱ्यांसाठी छान जागा आहे, मी नाव नोंदवून ठेवलंय." युहान्नुस म्हणजे आम्हा फिनिश लोकांचा, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सण. काठावर होळी, दाराला बर्चच्या डहाळ्या. त्या दिवशी आत्या तळ्यावर नाही, असं कधी घडलेलं नाही.

मार्ट्टी वाईट नाही. काळजी करणारी माणसं वाईट नसतात, नुसती घाईत असतात.

मी परतले ती हे ऐकून. पाहिलं तर आत्याने आपली निळी पेटी भरून, ती ढकलत ढकलत, गावासमोर तळ्याच्या पलीकडच्या काठावर असलेल्या आपल्या घराच्या धक्क्यावर नेऊन ठेवलेली, आणि स्वतः तिच्यावर बसून विणकाम करत होती. तोंडाने गुणगुणत होती. आत्याला आमच्या जुन्या फिनिश चालींवर चार ओळी जुळवायची खोड आहे. सुयांच्या तालावर तिचे शब्द आपोआप पडतात.

बर्फ वितळलं,
तळं गं हललं,
पेटीला लागलं
वेड पाण्याचं.

"आत्या, पंधरा दिवसांत तुला पोचवते," मी म्हणाले. "परवाना तेवढा नवा करायचा. अकरा वर्षं इथे उडले नाही ना, म्हणून. कागदाचं काम आहे."

'कागदाचं काम' ऐकून काकांनी माझ्याकडे शंकेने पाहिलं, हे मला फार उशिरा कळलं.

लेम्पीचं कॅलेंडर पाहिल्यावर गेल्या तीन आठवड्यांतल्या सगळ्या सल्ल्यांचा असा उलगडा झाला की बस्स. पहिला मान डोरीनचा. औषधाच्या दुकानात फोटो काढते ती. परवान्याच्या पुस्तिकेसाठी तिने माझा फोटो काढला, तो विमान खात्याने परत पाठवला. शेरा होता: चेहऱ्यावर सावली आहे. सावली कसली! अकरा वर्षं विषुववृत्ताखाली काळा चष्मा लावून विमान चालवलं, तर डोळ्यांभोवती दोन पांढऱ्या बशा राहणार आणि बाकीचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा होणार. ती सावली नव्हती, ती मी होते.

"एक उपाय आहे," डोरीन म्हणाली होती. "चष्मा न लावता रोज दोन तास उन्हात बस. उरलेलं भाजून निघेल. सगळा रंग एक."

मी बसले. आमच्याकडे मे महिन्यात उन्हात बसणं म्हणजे काळ्या माश्यांच्या पंगतीला स्वतःला वाढणं. चौथ्या दिवशी माझा डावा डोळा पापणीआड गेला. त्या अवस्थेत डोरीनने दुसरा फोटो काढला आणि वर म्हणाली, "आता सावली नाही बघ." तो खात्याने परत पाठवला. शेरा: हा फोटो अर्जदाराचा आहे याची खात्री पटवावी. डोरीनचं नाव होतं बारा जुलैच्या चौकोनात.

मग पोस्टमास्तर पेटिग्रू. चाळीस वर्षं गावाचं टपाल सांभाळलेला सज्जन, टाय लावून पत्रं वाटणारा माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिल्काबाई, अर्ज साध्या टपालाने जाऊ द्या. सरकारी माणसाला घाई केलेली आवडत नाही. लाल शिक्का दिसला की तो पाकीट खाली सरकवतो." पेटिग्रू: पंचवीस जून.

आणि रेइनो काका. माझे सख्खे काका. तीन जुलै.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"लाकडाच्या बाबतीत मी नातं बघत नाही," काका शांतपणे म्हणाले.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. ज्याचा जसा सल्ला, त्याच्या बरोबर उलट वागायचं. नियम साधा आणि अचूक, होकायंत्रासारखा. डोरीन म्हणाली उन्हात बस, मी सावलीत बसले आणि तोंडाला ताक चोळलं. पेटिग्रू म्हणाले साधं टपाल, मी लाल शिक्क्याचं, सहीशिवाय न मिळणारं टपाल केलं, आणि परतीचंही तसंच मागवलं. कुणी म्हणालं फोन करू नकोस, मी रोज फोन केला. आणि काय सांगू, गाडी चालायला लागली. तिसरा फोटो मान्य झाला. डॉक्टरांनी कान, डोळे, नाडी तपासून 'उत्तम' लिहिलं. त्यांचं स्वतःचं ऐकू येणं जरा बेताचं असल्याने माझं 'हो' मला चारदा ओरडावं लागलं, पण आवाजही उत्तम असल्याची नोंद झाली.

दहा जून मात्र असाच गेला. लेम्पीने आत्याच्या नावावर काट मारली. मी ते पाहायला गेले नाही. त्या दिवशी आत्या पेटीवरच बसली होती, आणि मी धक्क्यावर आले तशी मान वर न करता म्हणाली,

सात समुद्रांना
आली गं फिरून,
कागदावरून
घसरली गं.

"आत्या, टोमणा मारतेस?"

"टोमणा कसला, गाणं आहे. तुला लागलं तर तो तुझा प्रश्न."

घसरण्याचं कारण होतं माझी उड्डाणवही. खात्यातले अधिकारी लाशापेल साहेब यांचा फोन आला. आवाज मऊ, मंद, पावाची कणीक मुरत ठेवल्यासारखा.

"मॅडम, आपली वही पाहिली. यात विमानतळांची नावं लिहायची असतात."

"तीच लिहिली आहेत."

"इथे 'शांत मोती' लिहिलंय. मग 'प्रवाळ स्वप्न'. मग 'नवदांपत्याचा किनारा'. ही हॉटेलं आहेत, मॅडम."

"हो. हॉटेलासमोरच्या पाण्यात उतरायचं, पाहुणे सोडायचे, पुढच्या हॉटेलाला निघायचं."

बराच वेळ कागदांची सळसळ. "चौदा मार्चला आपण अठरा हॉटेलं बदललीत."

"त्या दिवशी वारा होता, नाहीतर वीस होतात."

"नवदांपत्याच्या किनाऱ्यावर आपण अकरा वर्षांत दोन हजार तीनशे वेळा गेलात."

"साहेब, मी अविवाहित आहे," मी म्हणाले. असं काही म्हणायची गरज नव्हती, पण स्वाभिमान एकदा दुखावला की माणूस भलतंच बोलतो.

लाशापेल साहेबांना तिकडच्या कंपनीचं पत्र हवं होतं. आमचे मुख्य वैमानिक इब्राहिम यांनी त्याच दिवशी पाठवलं. सुरेख पत्र. हिल्काने अकरा वर्षांत एकाही पाहुण्याला भिजवलं नाही, असं त्यात लिहिलं होतं. ज्याने पाण्यावर विमान लावलंय त्याला कळेल, याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. लाशापेल साहेबांनी फोन करून विचारलं की न भिजवणे हे कोणत्या नियमाखाली धरायचं. मी म्हणाले, कौशल्याच्या. ते म्हणाले, कौशल्याचा रकाना प्रत्यक्ष परीक्षेनंतर भरतात. तेव्हा प्रत्यक्ष परीक्षा द्यावी.

परीक्षक मिळाला वीस जूनचा. शुक्रवार. युहान्नुसच्या आदला दिवस, मार्ट्टी येण्याचाच दिवस. पुस्तिका छापून टपालात पडली आहे, असं खात्याने कळवलं. परीक्षा झाली की परीक्षक तिच्यात सही करतील आणि त्या सहीवर मला त्याच क्षणी उडता येईल. सगळं कसं सुतासारखं सरळ. पुस्तिका तेवढी वेळेत यायची होती.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी काका गावाच्या धक्क्यावर आले. मी बीव्हरचं अंग पुसत होते.

"हिल्का, एक सांगू?"

"सांगा," मी म्हणाले. मनात म्हटलं, तीन जुलै बोलतोय.

"उतरणं तुला येतं. ते बघायचीसुद्धा गरज नाही. पण तिकडे तुझ्याबरोबर दुसरा वैमानिक असायचा, वर दोर टाकणारा खलाशी असायचा. इथे तू एकटी. दोर टाकून, उडी मारून विमान बांधायची जरा सवय कर. दहादा करून बघ आज."

मी गोड हसले. नियम म्हणजे नियम. उरलेली संध्याकाळ मी दोर सोडून बाकी सगळ्याचा सराव केला.

सकाळी धक्क्यावर सगळं गाव. लेम्पीने कॉफीची किटली आणि वेलचीच्या पावांची टोपली आणली होती. कॅलेंडरसुद्धा भिंतीवरून काढून आणलं होतं. परीक्षक विल्फ्रेड स्नेल हे उंच, वाळके, मिशाळ गृहस्थ. त्यांनी विमानात बसताच माझ्या पायांकडे पाहिलं.

"बूट?"

"पायाला पेडल कळायला हवं," मी म्हणाले. मालदीवला आम्ही सगळे अनवाणीच उडवतो. बूट कुठल्या कुठे ठेवले ते मला तेव्हा आठवतही नव्हतं. स्नेल साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. एक काळी माशी माझ्या घोट्यावर बसली आणि तिने आपलं काम सुरू केलं.

पुढचा एक तास मी काय उडवलं, हे स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण दुसरं कोण सांगणार? बीव्हरने पाणी सोडलं ते कमळाने देठ सोडावा तसं. देवदारांच्या शेंड्यांवरून गेले, खालून तळी उलगडत गेली, एकामागून एक, कुणी निळ्या बांगड्या गवतावर मांडून ठेवल्यासारखी. इंजिन बंद पडल्याचं नाटक केलं, अरुंद खाडीत उतरून दाखवलं, आरशासारख्या पाण्यावर, जिथे पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं हे डोळ्याला कळत नाही, तिथे विमान असं टेकवलं की स्नेल साहेबांच्या मांडीवरचं सँडविच जागचं हललं नाही. ते म्हणाले, "हं." परीक्षक लोक 'वाहवा' म्हणत नाहीत, 'हं' म्हणतात.

मग मी गावाच्या धक्क्याकडे आले. अचूक वेगाने, अचूक कोनात, धक्क्यापासून हातभर अंतरावर येऊन इंजिन बंद केलं. पंखा थांबला. शांतता झाली. मी कानांवरचा हेडफोन काढला, मान ताठ केली आणि वाट बघत बसले.

कशाची वाट बघते आहे, हे मला पाच सेकंदांनी कळलं. मी खलाशाची वाट बघत होते. अकरा वर्षं इंजिन बंद झालं की मागचं दार उघडायचं, कुणीतरी टुणकन उडी मारून दोर बांधायचं, आणि मी पाहुण्यांना हसून निरोप द्यायचे. आता मी हसले होते. दोर जागच्या जागी गुंडाळलेला होता. धक्क्यावर दीडशे माणसं उभी होती, आणि नियम असा की परीक्षेत बाहेरच्याने हात लावायचा नाही. लेम्पीने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ओठ चावला. रेइनो काकांनी डोळे मिटले.

हातभराचं अंतर दोन हात झालं. मग पुरुषभर. वारा गावाकडून पलीकडच्या काठाकडे होता, आणि बीव्हर शेपटी पुढे करून, एखादी म्हातारी पाठमोरी जिना उतरते तसं, सावकाश निघालं.

"मिस रौतियो," स्नेल साहेब सँडविचचा कागद उलगडत म्हणाले, "आपण निघालो आहोत."

अशा वेळी माणसाची परीक्षा होते. विमान चालवण्याची तर झालीच होती. इंजिन पुन्हा सुरू करता आलं असतं, पण धक्क्यावर दीडशे माणसं आणि मध्ये फिरता पंखा. ते मी कुणाला करू दिलं नसतं, स्वतःलाही नाही. मी दार उघडून वाऱ्याचा अंदाज घेतला.

"साहेब," मी म्हणाले, आणि आवाज अजिबात हलू दिला नाही, "इंजिन, शीड आणि वल्हं यांतलं काहीच न वापरता विमान ठरलेल्या जागी कसं लावतात, ते आता दाखवते."

"यादीत ते शेवटी आहे."

"मग शेवटाला आलोच आपण."

हे काम रेइनो काकांनी मला एकोणिसाव्या वर्षी शिकवलं होतं, मालदीवला ते वापरायची वेळ आली नाही, पण पाय विसरले नव्हते. दोन्ही दारं उघडायची, ती शिडासारखी वारा धरतात. सुकाणू एकीकडे, पंखाच्या पट्ट्या दुसरीकडे. विमान तोंड वाऱ्याकडे ठेवून मागे मागे जातं, पण जिकडे सांगाल तिकडे. पलीकडच्या काठावर एकच धक्का होता. त्याच्यावर एक निळी पेटी होती, आणि पेटीवर आयली आत्या. मी बीव्हरला तिथे नेलं. नेलं म्हणजे काय, सासुरवाशिणीला माहेरची वाट दाखवावी लागत नाही तसं ते आपणहून गेलं. मी अनवाणी होडीच्या काठावर उतरले, दोर हातात घेतला आणि या वेळी कुणाचीही वाट न बघता धक्क्यावर उडी मारली. गाठ पक्की बसली. पलीकडून एकशे पन्नास माणसांनी एकदम श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

आत्याने विणकाम खाली ठेवलं. "आलीस? उशीर केलास," ती म्हणाली, आणि पेटीवरून उठली.

"अजून नाही, आत्या. सही व्हायची आहे."

स्नेल साहेब खाली उतरले. वही उघडली. "उड्डाण उत्तम. उतरणं उत्तम. वाऱ्यावर नेणं, मी पाहिलेल्यांत सर्वोत्तम. बांधणी..." त्यांनी मिशीवरचे पावाचे कण झटकले. "बांधणी पहिल्या खेपेला शून्य. इथेच दहादा करून दाखवा, मग बघू."

मी दहादा दोर टाकला. पलीकडून गाव मोठ्याने मोजत होतं. रेइनो काकांचा आवाज सगळ्यांत मोठा. मला खात्री आहे, ते 'सात' दोनदा म्हणाले.

"पास," स्नेल साहेब म्हणाले. "पुस्तिका द्या."

पुस्तिका! मी आत्याकडे पाहिलं, आत्याने माझ्याकडे. शुक्रवारची टपालगाडी दुपारची. पुढचं टपाल सोमवारी. स्नेल साहेबांना संध्याकाळच्या आत परतायचं होतं, आणि त्यानंतर ते जुलैतच येणार होते. नेमकी तेव्हाच मागच्या रस्त्यावर धूळ उडाली आणि एक चकचकीत करडी गाडी आत्याच्या दाराशी थांबली. मार्ट्टी उतरला. हातात म्हाताऱ्यांच्या त्या जागेची रंगीत पत्रकं होती. त्याने धक्का पाहिला, आम्हाला पाहिलं, आणि ओरडायच्या बेतात असतानाच थांबला, कारण आत्या त्याच्याकडे बघत नव्हती.

ती पाण्याकडे बघत होती. गावाकडून एक लाल कॅनू येत होती. वल्हं मारणारा माणूस टाय लावून बसला होता.

पोस्टमास्तर पेटिग्रू धक्क्याला लागले तेव्हा त्यांचा सदरा कोपरांपर्यंत भिजलेला होता. पाकीट कोरडं होतं. ते त्यांनी टोपीत ठेवलं होतं. लाल शिक्क्याचं.

"सहीशिवाय द्यायचं नाही," ते म्हणाले. "इथे सही करा, हिल्काबाई. गाडी आज वेळेच्या आधी आली."

मी सही केली. "मास्तर, तुमचा तर पंचवीस जून होता. बुधवारपर्यंत हे तुमच्या टेबलावर राहिलं असतं, तर कुणाला कळलं असतं?"

पेटिग्रूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना आपलंच घर लुटायला सांगितलं होतं. "सल्ला वेगळा," ते म्हणाले, "आणि टपाल वेगळं."

स्नेल साहेबांनी सही केली. पेनाला दोनदा झटका द्यावा लागला, तेवढ्यात माझं वय दोन वर्षांनी वाढलं. मग शाई उमटली, आणि वीस जूनच्या दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मी पुन्हा वैमानिक झाले.

पलीकडे लेम्पीने कॅलेंडर उंच धरलं आणि हात तोंडाशी नेऊन काहीतरी ओरडली. दीडशे माणसांच्या गलक्यात शब्द विरले, तेव्हा पेटिग्रूंनीच सांगितलं. वीस जूनला गावातल्या कुणी हात लावला नव्हता, सणाच्या आदल्या दिवशी सरकारी काम होईल असं वाटणारा इसम आमच्याकडे जन्मलेला नाही. तो चौकोन लेम्पीने टोरांटोला फोन करून भरला होता. मार्ट्टी म्हणाला होता, मी त्या दिवशी येणारच आहे, तीच तारीख टाक.

"मी जिंकलो?" मार्ट्टी म्हणाला. "काय जिंकलो?"

"दोन गाड्या लाकूड."

मार्ट्टीने खाली बघितलं. एकोणिसाव्या मजल्यावर त्याच्याकडे चूल नाही, शेगडी नाही. काचेतून दिसणारा धूरसुद्धा दुसऱ्याचा असतो. त्याने हातातल्या पत्रकांची घडी केली, ती पुन्हा उलगडली. "आई, मी शब्द दिला होता," तो म्हणाला. "विमान चालू झालं, तर तू जा. मी मागे नाही फिरणार. पण एकदा डोळ्यांनी बघू दे, तिथे तू कशी राहतेस ते. सोडून येतो आणि उद्या सकाळी परत निघतो. सोमवारी मला कामावर असायला हवं."

"मग उभा का?" आत्या म्हणाली. "लाकूड भर."

बीव्हर गावाच्या धक्क्याला नेलं, तिथे त्याने भरलं. टाय काढून, बाह्या दुमडून, जेवढं विमानाला झेपेल तेवढं. मी वजन मोजून थांबवलं नसतं, तर आत्याने दोन्ही गाड्या कोंबल्या असत्या.

हॉक तळ्यावर उतरलो तेव्हा ऊन कलतं होतं. पाणी असं स्थिर की दोन सूर्य दिसत होते आणि कुठल्यावर उतरायचं हा प्रश्न होता. लून पक्ष्याने एक लांब हाक दिली. आत्या कुणाचा हात न धरता धक्क्यावर उतरली, खोलीच्या दाराशी गेली, दाराला थोपटलं, गाईच्या मानेला थोपटावं तसं, आणि आत गेली. थोड्या वेळाने सॉनाच्या चिमणीतून धूर निघाला. मार्ट्टी पाण्याच्या काठी उभा राहून बघत होता. बराच वेळ बघत होता. लहानपणी तो इथेच पोहायला शिकला, हे त्याला आठवत असावं. त्याच्या चेहऱ्यावरून मला तरी तसं वाटलं.

सकाळी तो सामान घेऊन धक्क्यावर आला. "निघूया? मला आईच्या गावातल्या घरून गाडी काढायची आहे."

मी आभाळाकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. बोट ओलं करून वर धरलं, मग दुसरं बोट धरलं.

"आज जमायचं नाही," मी म्हणाले. "वारा आहे."

मार्ट्टीने सॉनाच्या चिमणीकडे पाहिलं. धूर सरळ वर जात होता, कुणी दोरी टांगून ठेवल्यासारखा. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्याची पापणी हलवली नाही. आत आत्या पीठ मळता मळता काहीतरी गुणगुणत होती.

"किती दिवस असेल हा वारा?"

"सांगता येत नाही. उडायचं की नाही, हे वैमानिक ठरवतो. नियम आहे. पुस्तिकेत सही आहे, बघायची असेल तर."

त्याने सामान खाली ठेवलं. एका पायातला बूट काढला, मग दुसऱ्या. "मग निदान पाणी तरी आणतो," तो म्हणाला, आणि बादली घेऊन तळ्याकडे गेला.